खिडकी रोज उघडी हवी

मी नर्स आहे. अफू-हेरॉइनच्या व्यसनावर जिथे रोज औषध दिलं जातं अशा केंद्रात डोसच्या खिडकीवर माझी ड्युटी असते. काम वरून पाहिलं तर साधं. समोरच्याचं कार्ड बघायचं, रजिस्टरात नोंद करायची, ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या कुटून भुकटी त्याच्या जिभेखाली टाकायची आणि ती विरघळेपर्यंत त्याला समोरच्या बाकावर बसवून ठेवायचं. पाच-दहा मिनिटं. तेवढा वेळ बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची, सही करायची आणि निघायचं. कुणी तिथून थेट कामावर जातं, कुणी मुलाला शाळेत सोडायला.

हे पाहून बाहेरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावता का?" शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर मी समजावून सांगते. पण निधी मंजूर करणारा अधिकारी हेच विचारतो तेव्हा मला काळजी वाटते. औषध सुरू राहणार की नाही, हे त्याच्या समजुतीवर ठरतं. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो आणि मग टर्की लागते. हाडं ठणकतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब होतात, अंगावर काटा येतो, झोप उडते. ज्याने हे भोगलंय त्याचा सगळा दिवस ते टाळण्यात जातो. पैसे उभे कर, माल शोध, घे, थोडा वेळ बरं वाटतं, की पुन्हा पैसे. मजा म्हणून जे काही होतं ते कधीच संपलेलं असतं. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागा धरतं, पण अर्धवट काम करतं आणि बराच वेळ टिकतं. टर्की लागत नाही आणि किकही बसत नाही. एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याची भीतीही कमी. माणसाला त्याचा दिवस परत मिळतो. दुसरं औषध मेथडोन. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी त्याचा असा उपयोग करून दाखवला. 2005 पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. 2017 मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा: मेथडोन चालू असलेल्या हजार जणांत वर्षाला सुमारे 11 मृत्यू, आणि ज्यांचं औषध सुटलं त्यांच्यात सुमारे 36.

म्हणून "यांचा कोर्स कधी संपणार?" हा प्रश्न मला खटकतो. रक्तदाबाच्या ओपीडीला कुणी विचारत नाही की यंदा किती जणांच्या गोळ्या बंद करून घरी पाठवलं. व्यसनावर उपचार घेणाऱ्यांपैकी 40 ते 60 टक्के लोक पुन्हा कधी ना कधी घसरतात. मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या रुग्णांचं औषध-पथ्य सुटून आजार उलटण्याचं प्रमाणही साधारण याच घरातलं आहे. तिथे आपण डोस बदलतो. इथे मात्र माणसाचं नावच कार्डावरून खोडलं जातं. आमच्याकडे दर महिन्याला वर पाठवायच्या तक्त्यात "किती जण पूर्ण बरे झाले" असा रकाना बरीच वर्षं होता. "किती जण अजून येत आहेत" हा नव्हता. आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे. येतोय म्हणजे जिवंत आहे.

सरकारं काय मोजतात यावर सगळं ठरतं, हे मी या कामात शिकले. जप्त केलेला माल किलोत मोजता येतो, अटका मोजता येतात, पत्रकार परिषदेत पाकिटं टेबलावर मांडता येतात. एखाद्याला यंदा एचआयव्ही झाला नाही, एखादी बाई रात्री मेली नाही, हे टेबलावर कसं मांडणार? ते आरोग्य खात्याच्या वहीतच दिसतं, आणि तेही कुणी वही ठेवली तर.

आमच्या केंद्राबाहेर एखाद्या सकाळी पोलिसांची गाडी उभी राहिली की रांग विरते. गाडी कदाचित दुसऱ्याच कामाला आलेली असते, पण रांगेतल्या प्रत्येकाने कधी ना कधी मार खाल्लेला असतो. त्या दिवशी जे येत नाहीत त्यांना संध्याकाळपर्यंत टर्की लागते आणि टर्की लागलेला माणूस जिथे माल मिळेल तिथे जातो. सुयांचंही तसंच. टोचून नशा करणाऱ्यांनी एकमेकांची सुई वापरून एचआयव्ही पसरवू नये म्हणून वापरलेल्या सुया परत आणा, नव्या न्या, असं आम्ही सांगतो. परत आलेल्या सुया टोचणार नाही अशा जाड डब्यात टाकून नष्ट केल्या जातात. पण खिशात सुई सापडणं हाच पुरावा ठरत असेल तर परत आणण्याचा वेडेपणा कोण करेल? ती गटारात जाते, मैदानात जाते, किंवा दुसऱ्याच्या हातात.

1980 च्या दशकात एडिंबरामध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे सुया-सिरिंजांवर कडक कारवाई झाली, औषधदुकानांनी त्या देणं बंद केलं आणि नशा करणारे एकच सिरिंज अनेकांत फिरवू लागले. 1986 मध्ये तिथल्या एका वस्तीतल्या डॉक्टरांनी आपल्या सुई घेणाऱ्या रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणांना एचआयव्हीची लागण झालेली होती. हेरॉइन इतर शहरांतही होतं. इथे फरक पडला तो सुईच्या टंचाईने. त्याआधीच, 1984 मध्ये, अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुया बदलून द्यायला सुरुवात झाली होती, आणि ती केली होती नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने, काविळीच्या धास्तीने. ज्यांना आपण बेजबाबदार म्हणतो त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं काम सरकारच्या आधी हाती घेतलं, याची आठवण मी प्रत्येक बैठकीत करून देते. तरीही 2015 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाच्या चार-पाच हजार वस्तीच्या गावात तीच कथा पुन्हा घडली. सुया बदलून देणं तिथे बेकायदा होतं. वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचणाऱ्यांत एचआयव्ही पसरला, रुग्ण ऐंशीच्या घरात पोचले, आणि मग आणीबाणी जाहीर करून सुया वाटायला परवानगी दिली गेली.

पोर्तुगालचं नाव या विषयात लगेच येतं. "तिथे ड्रग्ज कायदेशीर केली", असं लोक ठोकून देतात. ते खरं नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी त्या देशात जवळपास एक टक्का लोक हेरॉइनच्या विळख्यात होते. 1998 मध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात जुआंव गुलांव हे दक्षिणेकडच्या भागात साधी प्रॅक्टिस केलेले डॉक्टर होते आणि पुढची अनेक वर्षं त्या देशाचं व्यसनविषयक धोरण त्यांनीच सांभाळलं. जुलै 2001 पासून नवा कायदा लागू झाला. स्वतःपुरता, म्हणजे दहा दिवसांच्या वापराइतका साठा सापडला तर फौजदारी खटला नाही. माल मात्र जप्तच होतो आणि विकणाऱ्याला आजही तुरुंगच आहे. सापडलेल्या माणसाला तीन जणांच्या एका मंडळासमोर जावं लागतं. ते मंडळ आरोग्य खात्याच्या कक्षेत ठेवलं गेलं. ते विचारतात, तुझं काय चाललंय, काम आहे का, घर आहे का, सुटत नाही म्हणून घेतोस की कधीमधी घेतोस? व्यसन असेल तर उपचाराकडे पाठवतात आणि कारवाई थांबवून ठेवतात.

पण मला त्या मंडळापेक्षा त्याच्या मागे उभं असलेलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. 1993 पासूनच तिथल्या औषधदुकानांत जुनी सुई देऊन नवी मिळत होती. लिस्बनमध्ये मेथडोन घेऊन गाड्या वस्त्यांपर्यंत जात. व्यसनातून बाहेर येणाऱ्याला कामावर ठेवलं तर त्याच्या पगाराचा काही भाग सरकार भरत असे. म्हणजे मंडळाने "उपचाराला जा" म्हटलं तर जायला जागा होती. सुईतून होणाऱ्या एचआयव्हीचे नवे रुग्ण शतकाच्या सुरुवातीला वर्षाला हजाराच्या आसपास सापडत होते. 2017 पर्यंत ती संख्या दोन आकड्यांवर आली. पुढे आर्थिक मंदीत, 2012 मध्ये, हे सगळं एका छताखाली चालवणारी संस्था मोडून कामं प्रादेशिक आरोग्य यंत्रणांकडे वाटून दिली गेली आणि पैसाही आटला. नंतर पोर्तोसारख्या शहरांत उघड्यावर नशा दिसू लागल्याच्या तक्रारी वाढल्या. यावरून "बघा, धोरण फसलं" असं म्हणणारे भेटतात. माझ्या मते तिथे कायदा टिकला आणि सेवा झिजली.

अमेरिकेतल्या ओरेगनचा अनुभव याच्या उलट टोकाचा, आणि तो डोळ्यांआड करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या 58 टक्के मतदारांनी कौल दिला आणि फेब्रुवारी 2021 पासून स्वतःपुरता साठा बाळगणं हा गुन्हा राहिला नाही. त्याऐवजी शंभर डॉलरची पावती. एका हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली की ती माफ. बहुतेकांनी फोन केलाच नाही. उपचारासाठी ठेवलेला पैसा केंद्रांपर्यंत पोचायला वर्षाहून जास्त लागलं, आणि नेमक्या त्याच काळात रस्त्यावर फेंटानिल, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी तीव्र असं द्रव्य, आलं. लोक उघड्यावर मरताना दिसत होते, नागरिक वैतागले, आणि सप्टेंबर 2024 पासून तो पुन्हा गुन्हा झाला. टर्की लागलेल्या माणसाच्या हातात फोन नंबर देऊन काय होणार? त्याला त्याच सकाळी, चालत जाता येईल अशा अंतरावर, ओळखीच्या चेहऱ्याकडून औषध मिळायला हवं. "मला सोडायचंय" असं वाटण्याची वेळ फार थोडी असते. ती मंगळवारी सकाळी आली आणि अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळाली, तर ती आलीच नाही असं समजा.

म्हणून मला फ्रान्सचं उदाहरण सगळ्यात आवडतं, जरी त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 1990 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मोकळीक दिली. वेगळं केंद्र नाही, वेगळी पाटी नाही, वस्तीतल्या ज्या दवाखान्यात पोराचा ताप दाखवता तिथेच. 1995 ते 1999 या काळात तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे 79 टक्क्यांनी घटले.

शेजाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. आमच्याविरुद्ध सह्यांची मोहीम झाली तेव्हा सह्या करणाऱ्यांत मुली संध्याकाळी क्लासला जातात अशा आया होत्या. त्यांची भीती खोटी नव्हती. झुरिकच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत 1980 च्या दशकाच्या अखेरीस उघड्यावर हेरॉइन चालत होतं. आरोग्यसेवक तिथे सुया वाटत आणि बेशुद्ध पडलेल्यांना श्वास देत, पण बाग मात्र गेली ती गेलीच. 1992 मध्ये ती बंद केली तर गर्दी जवळच्या जुन्या रेल्वे स्टेशनात सरकली. नुसतं हाकलून काही झालं नाही आणि नुसतं सोडून देऊनही. मग स्वित्झर्लंडने चार खांबांचं धोरण धरलं: प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणं आणि कायद्याची अंमलबजावणी. 1994 पासून, इतर कशानेच न सावरलेल्या रुग्णांना डॉक्टरच्या नजरेखाली हेरॉइनच देण्याचे दवाखाने सुरू झाले. 2008 च्या सार्वमतात 68 टक्के मतदारांनी त्याला कायद्यात जागा दिली, आणि तो देश काही मवाळ मतदारांसाठी प्रसिद्ध नाही. लोकांना त्यांची बाग परत मिळाली होती, रस्त्यावर कोसळलेली माणसं दिसेनाशी झाली होती. विरोध करणाऱ्या आयांना मी हेच सांगते की खिडकी बंद झाली तर ही माणसं नाहीशी होणार नाहीत, ती तुमच्या जिन्याखाली येतील.

भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात शिक्षेच्या जोडीने एक खिडकी आहे. व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर अल्प साठ्यासाठी किंवा सेवनासाठी तिच्यावर खटला चालवू नये, असं कलम 64अ सांगतं. अशी तरतूद आहे हे किती वकिलांना आठवतं? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे 77 लाख निघाली. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या 20 जणांपैकी एकालाच भरती होऊन उपचार मिळाले होते. जगाचं चित्रही फार वेगळं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार व्यसनाचा आजार असलेल्या 6.4 कोटी माणसांपैकी 11 मधल्या एकालाच उपचार मिळत होते, आणि स्त्रियांना त्याहूनही कमी.

स्त्रियांबद्दल सविस्तर लिहायला स्वतंत्र लेख लागेल. एवढंच सांगते: आमच्या रांगेत बाई क्वचित दिसते, कारण रांगेत उभं राहणं म्हणजे मूल काढून घेतलं जाण्याची भीती. गरोदरपणात औषध अचानक तोडलं तर पोटातल्या बाळालाही धोका असतो, जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी मेथडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवायलाच सांगते. त्यांना वेगळी वेळ, वेगळं दार दिलं तर त्या येतात. आमच्याकडे वेगळी वेळ ठेवल्यावर आल्या.

आणि तुरुंग. माझ्या मनात सगळ्यात जास्त सल असलेली जागा ती. आमच्याकडे नियमित येणारा एक तरुण, वेल्डिंगचं काम करणारा, एका जुन्या प्रकरणात आत गेला. आत औषध नव्हतं. टर्की त्याने तशीच काढली, आणि आम्हाला भेटायला आलेल्या त्याच्या आईला सगळे म्हणाले, चला, निदान सुटलं तरी. बाहेर आला त्याच आठवड्यात गेला. पूर्वीइतकाच डोस घेतला होता, पण शरीराची सवय मोडलेली होती. हे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही, कारण ते आधीपासून माहीत आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर लोकांच्या 129 पट होता. इराणमध्ये, जिथे अमली पदार्थांच्या व्यापाराला फाशी होते तिथेसुद्धा, गेली वीस वर्षं तुरुंगात मेथडोन देतात. मग इतरांना अडचण कसली आहे? आत औषध चालू ठेवा, सुटकेच्या दिवशी जवळच्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी द्या, आणि सोबत नॅलोक्सोन द्या.

नॅलोक्सोन हे औषध प्रत्येक आई-बापाला माहीत असावं असं मला वाटतं. ओठ निळे पडलेत, श्वास घरघरतोय किंवा थांबलाय, अशा माणसाला ते नाकात फवारलं किंवा स्नायूत टोचलं की दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. नशा केलेली नसेल तर त्याने काही बिघडत नाही. त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून अँब्युलन्स बोलवायचीच. पण बोलवणाऱ्याला अटकेची भीती असेल तर तो मित्राला तिथेच टाकून पळतो. म्हणून कितीतरी ठिकाणी मदत मागणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे. अमेरिकेत 2023 पासून नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो.

कोंडून, मारून, साखळीने बांधून व्यसन सोडवणाऱ्या जागांबद्दल मी जास्त लिहीत नाही. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 12 संस्थांनी मिळून सक्तीची डांबण्याची केंद्रं बंद करा असं सांगितलं. तिथून आलेल्यांच्या पाठी मी ड्रेसिंग करताना पाहिल्या आहेत.

सध्या मी ज्याच्या मागे आहे ती गोष्ट लहान आहे. 2020 च्या साथीत अनेक देशांनी रोज खिडकीवर येण्याची अट सैल केली. अमेरिकेत स्थिरावलेल्या रुग्णांना 28 दिवसांपर्यंतचं मेथडोन घरी नेता येऊ लागलं. लोक ते विकतील, जास्त घेऊन मरतील, अशी भाकितं होती. ती खरी ठरली नाहीत आणि 2024 मध्ये ती सवलत नियमात कायमची आली. आमच्याकडे एक रंगारी येतो, अनेक वर्षं स्थिर आहे, मुलगी दहावीत आहे. त्याला लांबच्या साइटवर दोन आठवड्यांचं काम मिळतंय. ते घेतलं तर खिडकी सुटते आणि खिडकी धरली तर काम सुटतं. किती दिवसांच्या गोळ्या सोबत द्यायच्या, कुलूपबंद डब्याची अट घालायची का, मध्ये फोनवर चौकशी कुणी करायची, हे आमच्या नियमावलीत लिहिलेलं नाही, म्हणून डॉक्टरही सही करायला कचरतात. मी समुपदेशकांना सोबत घेऊन दोन पानांचा मसुदा केला आहे आणि तो या आठवड्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो आहे. रंगाऱ्याचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय, म्हणजे उत्तर त्याआधी यायला हवं.